आधी पावती, मग फेटा

आमच्या जिल्हा इतिहास मंडळाचा वार्षिक अहवाल गेल्या आठवड्यात टपालाने आला. गुळगुळीत कागद, बत्तीस पानं, मुखपृष्ठावर ड्रोनने घेतलेला किल्ल्याचा फोटो. आत शिवजयंतीचं व्याख्यान, राज्याभिषेक दिनाचं व्याख्यान, चार गडभ्रमंत्या, शस्त्रप्रदर्शन, दोन पुस्तक प्रकाशनं आणि जीवनगौरव पुरस्कार. फोटोंतले फेटे मोजत बसलो. एकेचाळीस भरले, त्यातले सहा एकाच डोक्यावर. मग एकोणतिसाव्या पानावर, जमाखर्चाच्या जरा वर, एक ओळ सापडली : ‘या वर्षी मंडळाच्या संग्रहात मोडी कागदपत्रांचा एक रुमाल दाखल झाला.’

बस्स. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेलं जुन्या कागदांचं गाठोडं. ते कुठल्या गावचं, कुणाच्या घरचा, आत कागद किती, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतचे, यातलं काही नाही. (मंडळाचं आणि जिल्ह्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. वाचणाऱ्याने आपापल्या जिल्ह्याचं घालून वाचलं तरी फारसं चुकणार नाही.)

तो रुमाल मीच आणला होता. एका जुन्या कुलकर्णी घराचा वाडा पाडायचा ठरला होता. माडीवर पत्र्याच्या पेटीत, मांजरपाटाच्या फडक्यात बांधलेलं हे गाठोडं. पेटीत पावसाचं पाणी एकदा तरी शिरून गेलेलं, कडेच्या कागदांचा लगदा झालेला, मधल्यांना कसर लागलेली. घरच्या काकू म्हणाल्या, “नेताय तर न्या हो. नाहीतर बंबातच जायचं होतं.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, चेष्टाही नव्हती. त्यांच्या सासूबाईंनी दोन हिवाळे याच पेटीतल्या कागदांवर बंब पेटवलेला होता.

उरलेल्यातला एक कागद सांगतो. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून गावात झालेल्या भांडणाचा महजर, म्हणजे गावासमोर झालेल्या निवाड्याचा कागद. वर काळाची नोंद, जुन्या कागदांत अरबी आकडी शब्दांत लिहीत त्या सुहूर सनाची : ‘सुहूर सन सलास खमसैन मया व अलफ’. सलास म्हणजे तीन, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. सन ११५३. त्यात पाचशे नव्याण्णव-सहाशे मिळवायचे की इसवी सन १७५२-५३ येतं, म्हणजे नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द. खाली गोताची, म्हणजे निवाड्याला बसलेल्या गावकऱ्यांची नावं, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या निशाण्या. कुणब्यांच्या नावापुढे नांगर. न्हाव्याच्या नावापुढे छोटासा आरसा, चार रेघांत काढलेला. पाणी कुणी किती घटका घ्यायचं हे ठरवायला न्हावीही बसला होता आणि त्याची निशाणी पाटलाच्या निशाणीइतकीच मोठी आहे. हे मला कुठल्या व्याख्यानात कधी ऐकायला मिळालेलं नाही.

आज तो रुमाल मंडळाच्या गोदरेजच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे, आणि कार्यवाह मुलाकडे पुण्याला.

माझं म्हणणं साधं आहे. जिल्ह्याच्या इतिहास मंडळाचं पहिलं काम कागद घेणं, देणाऱ्याला त्याची पावती देणं, कागदांची यादी करणं आणि ती यादी मागेल त्याला दाखवणं, हे आहे. हे होत नसेल तर ते मंडळ इतिहासाचं नाही, उत्सवाचं आहे. उत्सव मंडळांना माझा विरोध नाही. गल्लीत चांगली चार आहेत.

मराठ्यांच्या इतिहासाचा पाया कुठे घातला गेला ते आठवून बघा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला तो वाईला मिळालेल्या कागदांवर. पुढे बावीस खंड झाले, आणि त्यांतला बहुतेक ऐवज गावोगावच्या माड्यांवरून, ओसऱ्यांवरून, देवघरांतून आलेला. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला हायस्कुलात संस्कृत शिकवत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांची दप्तरं उपसत. त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून निघू लागला. यवतमाळला यशवंत खुशाल देशपांड्यांनी शारदाश्रम उभा केला आणि महानुभावांच्या पोथ्या जमवल्या. राजवाडे शेवटी पुणं सोडून धुळ्याला गेले, ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले, आणि लगेच पुढल्या वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ काढलं. ही सगळी मोफसलची, म्हणजे जिल्ह्या-तालुक्यांतली माणसं. त्यांच्यापैकी कुणी ‘सरकार दप्तर उघडेल तेव्हा बघू’ म्हणून थांबलं नाही. थांबून उपयोगही नव्हता. पुण्यातलं पेशवे दप्तर इंग्रज सरकारने आपल्या संशोधकांना कित्येक वर्षं बंदच ठेवलं होतं. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले ते १९३० ते १९३४ या काळात. तोवर जे काही उभं राहिलं ते घरगुती कागदांवर.

पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० ला निघालं. त्याची सुरुवातीची इतिवृत्तं आणि संमेलनवृत्तं कुणाला मिळाली तर जरूर चाळावीत. सभेत कोण काय बोललं यापेक्षा कुणी कुठला कागद आणला, तो कुणाकडून मिळाला, त्यात काय आहे, हेच पानोपानी. बऱ्याचदा कागदाची नक्कलच छापलेली. शंभर वर्षांनंतरही अभ्यासक त्या पानांचा हवाला देतात. आमच्या गुळगुळीत अहवालाचा हवाला शंभर वर्षांनी कोण आणि कशासाठी देईल? फेट्यांच्या रंगांसाठी?

आता यावर येणारा पहिला आक्षेप मला पाठ आहे, कारण तो आमच्याच कार्यकारिणीत दर वेळी येतो. “एवढं कशाला? कागद पुण्याला पाठवून द्यावेत. तिथे तज्ज्ञ आहेत, जागा आहे, लौकिक आहे.” म्हणणं खोटं नाही. पण साताऱ्याचं उदाहरण बघा. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी आयुष्य घालवून कागद, चित्रं, नकाशे जमवले. मेणवलीच्या वाड्यातलं नाना फडणविसांचं दप्तर त्यांच्या हाती आलं. या संग्रहासाठी साताऱ्यात संग्रहालयाची इमारत झाली, १९२५ मध्ये. पुढच्याच वर्षी पारसनीस गेले. आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. जे घडलं त्याने कागद वाचले, अभ्यासकांना मिळाले, हे मी नाकारत नाही. कदाचित साताऱ्यातच राहते तर आज कसर आणि वाळवी यांच्यात वाटणी झाली असती.

पण साताऱ्यातल्या एखाद्या पोराला आपल्या गावचा कागद बघायचा असेल तर आज त्याला एस. टी. धरून पुण्याला जावं लागतं, ओळखपत्र आणि शिफारसपत्र घेऊन. संशोधन करणारा जाईलच. मी त्याच्याबद्दल बोलत नाहीये. शाळेतला गुरुजी, गावचा निवृत्त तलाठी, घराण्याची वंशावळ जुळवत बसलेला एखादा पेन्शनर, हे लोक नाही जात. आणि गावाचं नाव वाचल्यावर ‘हा ओढा म्हणजे मळ्याच्या खालचा, आता बुजवलाय तो’ हे सांगणारे नेमके तेच असतात. कागद गावापासून दूर गेला की त्यातली अर्धी नावं मुकी होतात. पुण्यातल्या तज्ज्ञाला लिपी कळते, ओढा कळत नाही.

इंग्लंडात यावर फार पूर्वी तोडगा निघाला. बेडफर्ड परगण्याने १९१३ साली स्वतःचं दप्तरखाना-कार्यालय काढलं, त्या देशातलं परगण्याचं पहिलं. म्हणजे पुण्याच्या मंडळानंतर तीनच वर्षांनी. नंतर एकेक परगणा त्या वाटेने गेला. त्यांची युक्ती घेण्यासारखी आहे. घराण्यांचे कागद तिथे दान म्हणून घेता येतात, तसेच ठेव म्हणूनही घेता येतात. मालकी घराण्याची, सांभाळ कार्यालयाचा, वाचण्याची मुभा लोकांना. ठरलेल्या अटींवर घराणं आपली ठेव परतही मागू शकतं. आपल्याकडे पतपेढीत ठेव ठेवताना ज्याला काहीच वावगं वाटत नाही, तो माणूस कागद द्यायचे म्हटल्यावर हात आखडतो, कारण आपण त्याला ‘द्या’ म्हणतो. ‘ठेवा’ म्हणून बघा. पावती हातात द्या, तिच्यावर कागदांची संख्या लिहा, दोघांनी सही करा.

लोक कागद का देत नाहीत याची कारणंही खुळचट नाहीत. कुळकायदा झाला, १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतनं गेली, बासष्टच्या कायद्याने पाटीलकी गेली. अशा घरांत जुना कागद म्हणजे कधीतरी कोर्टात लागेल ते शस्त्र, किंवा आपल्यावरच उलटेल ते. एका घरी मला स्पष्ट विचारलं गेलं, “यातून आमची जमीन तर जायची नाही ना?” दुसऱ्या घरी उलट, “यातून काही जमीन निघते का बघा की.” तिसरी भीती मानाची. आपलं घराणं सरदारांचं, असं तीन पिढ्या सांगितलेलं असतं, आणि कागदात निघतो सावकारीचा जमाखर्च. त्यात गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सातारा, सांगली, कोल्हापूरकडची किती घरं गेली, आणि घरांबरोबर दप्तरं. ज्यांची वाचली त्यांना पेटी माडीवर लपवून ठेवण्याची सवय लागली ती तेव्हापासून. आणि कागद बाळगणाऱ्या संस्थेचं काय होऊ शकतं हे ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. या भित्या व्याख्यानाने जात नाहीत. दारात येणारा माणूस ओळखीचा असला, त्याच तालुक्यातला असला, पुन्हा पुन्हा येत राहिला, तरच जातात. हे काम जिल्ह्याचं मंडळच करू शकतं, पुण्या-मुंबईची संस्था नाही.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा : स्कॅन करून टाका, विषय संपला. हा आक्षेप मला जास्त आवडतो, कारण करणारी पोरं निदान कागदाजवळ येतात. आमच्या मंडळात हेही झालं. एका उन्हाळ्यात उत्साही मुलांनी आठ-नऊ रुमाल मोबाइलने टिपले. फोटोंची नावं मोबाइलने दिली तीच, आकड्यांची. कुठला कागद कुठल्या रुमालातला, मागची बाजू कुठली, पुढची कुठली, नोंद नाही. सगळं एका हार्डडिस्कवर. ती डिस्क पुढच्या मे महिन्यात बंद पडली. पण पडली नसती तरी काय होतं? माडीवरचं गाठोडं डिस्कमध्ये आलं, इतकंच. यादी नसलेलं स्कॅन म्हणजे कुलूप नसूनही न उघडणारं कपाट. उद्या यंत्र मोडी वाचायला लागेल तेव्हाही त्याला विचारावंच लागेल की बाबा, हे कुठल्या गावचं. ते उत्तर आज काकू जिवंत आहेत तोवर लिहून घ्यायचं असतं.

तरीही नक्कल हवीच, आणि ती एकाच गावात नको. चिपळूणचं दीडशेहून अधिक वर्षांचं वाचनमंदिर २००५ ला पुरात सापडलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा. नदीकाठच्या गावांना हे सांगावं लागू नये. मूळ जिल्ह्यात, नक्कल पुण्यात, दुसरी नक्कल मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि यादी सगळीकडे, एवढी व्यवस्था बसवायला फार अक्कल लागत नाही. चिकाटी लागते.

तिसरा मुद्दा आक्षेप नव्हे, कबुली आहे, आणि ती आमच्याच लोकांबद्दल आहे. घरोघरचे लोक कागद दाबून ठेवतात अशी तक्रार करणारी मंडळं स्वतः काय करतात? ‘अप्रकाशित’ हा आमच्या क्षेत्रातला सगळ्यात लाडका शब्द. सदस्य रुमाल ‘अभ्यासासाठी’ घरी नेतो, वीस वर्षं त्यावर एक लेख लिहायचा असतो, लेख होत नाही, सदस्य जातो. मुलं परदेशात. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला येतो. मी नाव घेत नाही, पण एका घरातून बंबापासून वाचवून आणलेला रुमाल आमच्याच एका ज्येष्ठाच्या घरून रद्दीत गेला, हे मला त्या रद्दीवाल्याकडूनच कळलं. त्याने दोन कागद कौतुकाने बाजूला ठेवले होते. देणाऱ्याला पावती दिलेली असती, नोंदवहीत रुमालाला क्रमांक असता, नेणाऱ्याची सही असती, तर कुणीतरी विचारायला गेलं असतं. इथे रुमाल होता हेच कुठे लिहिलेलं नव्हतं, मग हरवला तरी कसा म्हणणार?

कागदांचं महत्त्व लोकांना कळत नाही हा समजही आता सोडायला हवा. २०२३ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि गावोगावचा नमुना १४ आणि कोतवाल बुकं (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या), शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली. तहसील कचेऱ्यांत एकदम मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या मागणीबद्दल कुणाचं मत काहीही असो. पण शाळांतून मोडी जाऊन साठ-सत्तर वर्षं झाल्यावर, पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द वाचून घेण्यासाठी लोक रांगा लावत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या मंडळातल्या ज्या निवृत्त गुरुजींच्या मोडी वर्गाला दर वर्षी सहा-सात टाळकी जमायची, त्यांना त्या महिन्यांत जेवायला फुरसत नव्हती. त्या वेळी मंडळाकडे जिल्ह्यातल्या कागदांची गाववार यादी असती तर? नव्हती. आम्ही त्या वर्षी सभागृहाला वातानुकूलन बसवत होतो.

सरकारकडून काय मागायचं, तेही बोलतो. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहीम जाहीर केली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद करायची म्हणून. चांगलंच आहे. पण राष्ट्रीय हस्तलिखित मोहिमेपासून चालत आलेली हस्तलिखिताची व्याख्या अशी, की ज्ञानाचा मजकूर असलेली पोथी त्यात बसते. फर्मानं, महसुली कागद हे ‘ऐतिहासिक दस्त’ म्हणून वेगळे धरलेले. म्हणजे त्याच माडीवरची गीतेची पोथी मोजली जाईल आणि तिच्याखालचा पाण्याच्या पाळीचा महजर राहील. गीतेच्या पोथ्या देशभर अमाप आहेत. तो महजर जगात एकच आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्याचं मुख्य काम सरकारी दप्तराचं. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशी त्यांची ठाणी, तिथल्या लोकांना आहे तेच पुरतं. घरगुती कागद असा दोन्हीकडून सुटतो. म्हणून मागणी एवढीच असावी : दर जिल्ह्याला मोडी येणारा आणि यादी करू शकणारा एक पगारी माणूस. इमारत नको, पुतळा नको, प्रकाश-ध्वनी कार्यक्रम नको. मराठवाड्याच्या जिल्ह्यांत त्याला उर्दू-फारसीही यायला हवी, निजामाच्या अमदानीचे कागद मोडी येऊन वाचता येत नाहीत. नोंदवही त्याच्या ताब्यात, दर सोमवारी कपाट उघडं, आणि किल्ली कार्यवाहांच्या मुलाकडे नाही.

गडभ्रमंती बंद करा असं मी म्हणत नाही. गडावर येणाऱ्या पन्नास पोरांतून एखादं मोडीच्या वर्गाला येतं, हे मी मानतो. आमच्याकडची सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी तशीच आली. पहिल्या दिवशी तिने वर रेघ ओढून, हात न उचलता स्वतःचं नाव लिहिलं आणि तीच चकित झाली. पण ती वर्गाला आली तेव्हा तिला वाचायला द्यायला आमच्याकडे छापील पुस्तकातले नमुने होते. गोदरेजचं कपाट बंद होतं.

गेल्या कार्यकारिणीत मी ठराव मांडला : पावतीपुस्तक छापावं, पन्नास पावत्यांचं, दुहेरी कार्बनचं. खर्च एका फेट्यापेक्षा कमी. अध्यक्ष म्हणाले, विचाराधीन ठेवू. मग मीच छापून घेतलं. पहिली पावती घेऊन काकूंकडे गेलो. वाडा पडला होता, त्या मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये होत्या. पावती त्यांनी दोनदा वाचली. ‘मोडी कागद, सुटे, एकशे सत्तेचाळीस. ठेव.’ मग कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यात रेशनकार्ड आणि पासबुकाशेजारी ती घातली. म्हणाल्या, “पलीकडच्या आळीत आमच्या जावेकडे पण आहे हो एक पेटी. ती पण असंच लिहून देणार असाल तर सांगते तिला.”